सहदेव उतेकरांचा वसंतोत्सव

महाडच्या एसटी स्टँडवर ज्यानं कधी पोलादपूरकडच्या गाडीची वाट पाहिली असेल, त्याला सहदेव उतेकरांचा आवाज ठाऊक आहे. चेहरा ठाऊक असायची गरज नाही, कारण चेहरा असे काचेच्या खोलीत आणि आवाज भोंग्यात. जरा नाकातला, खणखणीत आणि कायम वैतागलेला. ‘कापडे गाडी फलाटावर लागत आहे. प्रवाशांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये.’ गाडीची घोषणा महामंडळाची, रुमालाचं वाक्य उतेकरांच्या पदरचं. लोक ते ऐकत, हसत आणि रुमाल टाकत. वाहतूक नियंत्रकाची नोकरी संपेपर्यंत हे असंच चाललं.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला की त्या घराचं काय होतं, ते त्यांच्या बायकोला, आवडीबाईंना विचारावं. डबे कुठे ठेवायचे, दूध कधी तापवायचं, शेजाऱ्यांनी मोटारसायकल कशी लावायची, सगळ्याच्या घोषणा सुरू झाल्या. आवडीबाई उतेकरांच्याच गावच्या, पोलादपूरकडच्या कापड्याच्या, नवऱ्याला पुरत्या ओळखून असलेल्या. एका सकाळी त्यांनी उतेकरांच्या हातात टोपी दिली आणि म्हणाल्या, “ती नदीकडची बाग हाय ना, तितं जावा जरा. झाडं उलट बोलत नायत.”

उतेकर गेले ते तिथलेच झाले.

आता ही बाग म्हणजे काही फार सांगण्यासारखी गोष्ट नाही. चालायला फरशीची वाट, एका साखळीवर लोंबणारा झोपाळा आणि पेंग्विनच्या आकाराचे कचऱ्याचे डबे. कचरा पेंग्विनच्या पायाशी. बागेची एक समिती होती. तिचे अध्यक्ष यशराज शेठ, हार्डवेअरचे व्यापारी. दुसरे मुरादभाई, बरीच वर्षं कुवेतला काढून परत आलेले आणि आता मांडव, खुर्च्या, स्पीकर भाड्यानं देणारे. समितीला फुकट राबणारा माणूस हवाच होता. उतेकर आयते चालून आले आणि ‘कार्यक्रम प्रमुख’ झाले.

उतेकरांचं एक मत होतं आणि ते चुकीचं नव्हतं. आपल्याकडे माणसं पावसाचं कौतुक करून करून दमतात, पण झाडापाखरांचा खरा उत्सव असतो माघ ते वैशाख. पळस, पांगारा, बहावा याच दिवसांत फुलतात, पाखरं याच दिवसांत घरटी करतात, आणि नेमकी तेव्हाच माणसं पंखा लावून आडवी होतात. म्हणून त्यांनी आखणी केली. फाल्गुनात वसंतोत्सव, चैत्रात पक्षी ओळख, वैशाखात मुलांचं निसर्ग शिबिर. स्टँडवर गाड्यांचा फलक लिहायचे तशाच सुबक अक्षरात त्यांनी या कार्यक्रमांचा फलक लिहून बागेच्या दाराला लावला. पहिल्याच आठवड्यात त्यावर कुणी तरी क्लासची जाहिरात चिकटवली.

पक्षी ओळखायला उजाडताना माणसं जमली तर पलीकडे हास्यक्लबची मंडळी टाळ्या पिटून गडगडाटी हसत होती. कावळासुद्धा टिकला नाही. रानातल्या बिया गोळा करायच्या स्पर्धेत ज्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं, त्यानं आईच्या डब्यातला राजमा आणला होता, हे बक्षीस दिल्यावर कळलं. फुलांच्या प्रदर्शनात पाहुण्यांनी ज्या फुलांना पहिला नंबर दिला ती कापडाची निघाली. दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता. उतेकरांनी ते माईकवरून जाहीर केलं. पाहुणे चहा न घेता गेले. आणि मे महिन्यातल्या शिबिराच्या दिवशी बागेत बघतात तर मुरादभाईंनी हळदीचा मांडव घातलेला. उतेकरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मुरादभाई, आज मुलांना मुंग्यांची वारुळं दाखवायची होती!”

“उतेकरसाहेब,” मुरादभाई शांतपणे म्हणाले, “वारूळ काय पळून जातंय? लग्नं काय पावसात लावायची लोकांनी?”

उतेकरांना राग यायचा तो याचाच. त्यांच्या विरोधात कुणी नव्हतं. सगळे ‘छान उपक्रम’ म्हणायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. भांडायलाही समोर माणूस लागतो, आणि इथे तर नुसत्या माना डोलत होत्या.

बागेच्या टोकाला, नदीच्या अंगाला, एक सावर होती. कुणी लावलेली नव्हे, आपली आपण आलेली. उंच, सरळ, खोडावर टोकदार काटे. थंडी सरताना तिचं पान न् पान गळायचं आणि फाल्गुनात नागड्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं यायची. मग साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, सगळ्यांची तिथे झुंबड. महापुरात बागेवरून पाणी गेलं, कुंपणाची भिंत गेली, बाकं गेली, सावर राहिली. पाणी ओसरलं तेव्हा तिच्या फांद्यांत कुणाची तरी सतरंजी लटकत होती. त्याच्या पुढच्या फाल्गुनात, उतेकर राहत त्या आळीतल्या भिंतींची ओल अजून गेली नव्हती तेव्हा, ती नेहमीसारखी फुलली. उतेकरांच्या घरातही छातीएवढा चिखल आला होता. लग्नातले फोटो, पलंग, धान्य, सगळं त्यांनी फावड्यानं ओढून बाहेर काढलं होतं. सावरीखाली उभं राहून त्या दिवशी त्यांना भडभडून आलं. तेव्हापासून ते झाड त्यांना घरच्या माणसासारखं होतं.

आणि नेमकं तेच यशराज शेठना नको होतं.

“कापूस उडतो हो उतेकर,” शेठ म्हणाले. “बोंडं फुटली की चालणाऱ्यांच्या नाकातोंडात. शिवाय काटे. त्या जागेवर आपण सेल्फी पॉइंट करू. लोखंडी मोठं हृदय, त्यावर फुलं, मागून दिवे.”

“फुलं कसली?”

“प्लास्टिकची. वर्षभर टिकतात.”

उतेकर त्या बैठकीत इतके बोलले की शेवटी शेठनीच हात टेकले. शेठ माणूस वाईट नव्हता, व्यवहारी होता. “बरं, असं करू,” ते म्हणाले. “यंदाचा वसंतोत्सव त्या झाडाखाली घ्या. लोक आले आणि शेवटपर्यंत बसले, तर झाड राहील, माझा शब्द. उठून गेले, तर शिमगा झाला की काढून टाकू.”

उत्सव ठरला होळीच्या आधीच्या रविवारी. उतेकर घरोघर फिरले. चित्रकलेची स्पर्धा ठेवली, कोकम सरबत ठेवलं. आवडीबाई म्हणाल्या, झाड बघायला सरबत कशाला लागतं. उतेकर म्हणाले, लागतं, या गावाला लागतं.

माणसं आली. खुर्च्या भरल्या. सावर अंगभर फुललेली. उद्घाटनाची फीत काटेरी खोडाला बांधता येईना म्हणून उतेकरांनी झाडाला झेंडूची माळ घातली, बुंध्याला हळदकुंकू लावलं आणि पाहुण्यांच्या हस्ते नारळ वाढवायचं ठरवलं. चांगल्या कामाला नारळ लागतोच. फक्त पाहुणे आले नाहीत. फोन केला की ‘निघालोच’ म्हणायचे. ऊन चढायला लागलं. उतेकरांनी माईक घेतला आणि वेळ काढायला माहिती सांगायला घेतली. सावरीची पानं कशी, फुलात मध किती, वटवाघळं कशाला येतात. माना मोबाइलमध्ये गेल्या. सरबत संपलं. मागच्या रांगेतल्या खुर्च्या करकरायला लागल्या, दोन बाया पोरांना दंडाला धरून निघाल्या, आणि पुढे बसलेल्या यशराज शेठनी घड्याळाकडे बघून हसल्यासारखं केलं.

उतेकरांच्या एका हातात माईक, दुसऱ्या हातात नारळ. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी हातातला कागद टाकला, झाडाकडे तोंड केलं आणि देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

त्यांचे वडील हैबती उतेकर कापड्यात शिमग्याचे मानकरी. होळीचं झाड आणायला गाव डोंगरात जाई तेव्हा सावरीच्या बुंध्याशी नारळ देऊन हैबतीबाबा गाऱ्हाणं घालत, आणि लहानगा सहदेव त्यांच्या धोतराला धरून उभा असे. तेवढं एकच गाऱ्हाणं उतेकरांना तोंडपाठ होतं.

“बाय गो सावरी! रानाची तू मालकीन! काट्याची तुजी चोळी, फुलांचा तुजा मळवट. शिमग्याच्या सनाला आमी लेकरं तुज्या पायाशी आलोय…”

मोबाइलमधून माना वर आल्या.

“…तुला मानानं मागतोय, मानानं नेतोय. आळीत उभी ऱ्हा. ज्याच्या घरात दुखनं हाय त्याचं दुखनं ने, लेकराबाळांची राखन कर!”

“व्हय म्हाराजा!” मागून कुणी तरी ओरडलं, आणि मग सगळेच.

मधलं ते ‘नेतोय’ गाळावं, असं उतेकरांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण गाऱ्हाणं अर्ध्यात तोडायचं नसतं, हेही हैबतीबाबांनीच शिकवलेलं. आणि खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक ऐकत होते. स्टँडवरसुद्धा कुणी असं ऐकलं नव्हतं. उठून चाललेल्या बाया परत आल्या. पोलादपूर खोऱ्यातून येऊन महाडात राहिलेली निम्मी आळी, तिच्या तोंडी ‘व्हय म्हाराजा’ आपसूक येत होतं. उतेकरांनी शेवटपर्यंत म्हटलं आणि नारळ स्वतःच दगडावर फोडला. माणसं झाडाजवळ गेली, बायांनी ओट्या भरल्या, काहीजण हात जोडून डोळे मिटून किती तरी वेळ उभे राहिले. मुरादभाईंनी सगळं मोबाइलवर टिपलं आणि मुंबईपर्यंत पाठवलं. पाहुणे आले तेव्हा त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

“जिंकलात उतेकर,” यशराज शेठ मोकळेपणानं म्हणाले. “झाड राहिलं.”

त्या दिवशी उतेकर घरी आले आणि कशालाच नावं न ठेवता जेवले. आवडीबाईंना काळजीच वाटली.

होळीच्या दिवशी सकाळी दारात ढोल वाजला.

उतेकर बाहेर आले तर अंगणात आळीतली सगळी माणसं. पुढे प्रवीण, आळीच्या मंडळाचा अध्यक्ष, कारखान्यात पाळीवर जाणारा, एरवी खाली मान घालून जाणारा गडी. त्याच्या हातात नवी कुऱ्हाड, पात्याला कुंकू लावलेलं. त्यानं ती दोन्ही हातांनी पुढे केली.

“चला काका. पयला घाव तुमचा.”

“कसला घाव?”

“सावरीला. बागंतल्या. तुमीच नारळ दिलात नव्हं का.”

उतेकरांना जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं झालं. या खोऱ्यांतली रीत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मानकऱ्यानं नारळ देऊन, गाऱ्हाणं घालून मागितलेलं झाड त्या क्षणापासून देवीचं होतं. ते मग होळीलाच जातं. मागून उभं ठेवलेलं झाड गावाला बाधतं, असं मानतात.

“अरे, तो कार्यक्रम होता!” उतेकर ओरडले. “झाड वाचवायचा कार्यक्रम होता तो!”

ढोल थांबला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

“म्हंजे देवीचं नाव तुमी उगाच घेतलंत काय, काका?” प्रवीणनं विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

उतेकरांनी शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, “प्रवीण कालच विचारून गेला. मी म्हटलं, उतेकरांनी स्वतः नारळ दिलाय, मी कोण अडवणारा? मला वाटलं तुमचाच विचार बदलला. मी शब्द पाळलाच होता हो.” उतेकरांनी फोन तसाच ठेवला. मग मुरादभाईंना लावला, निदान ते तरी पोरांना समजावतील म्हणून. मुरादभाई म्हणाले, “सांगतो ना मी त्यांना. पण उतेकरसाहेब, मन्नत मागितल्यावर माघारी कसं फिरायचं, ते तुम्ही मला सांगा, मग मी त्यांना सांगतो.”

उतेकर अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. त्यांनी कायदा सांगितला, बाग सरकारी आहे म्हणून सांगितलं, पाखरांची घरटी सांगितली. शेवटी ते म्हणाले, “हे बघा, मी पुन्हा गाऱ्हाणं घालतो. चुकलं म्हणून देवीची माफी मागतो. दुसरं झाड आणू डोंगरातनं. ही सोडूया.”

प्रवीणनं कुऱ्हाड खाली केली. “काका, माजी बारकी मुलगी आजारी हाय, तुमाला ठावं हाय. त्या दिवशी तुमी म्हनलात, दुखनं ने. मी तितंच हात जोडले. सोमवारपासनं तिचा ताप उतरलाय. आता झाड ठेवलं, आनी तिला परत काय झालं, तर मी कुनाकडं बघू?”

त्या रविवारी झाडापाशी डोळे मिटून उभी असलेली माणसं उतेकरांना आठवली. त्यांना वाटलं होतं, माणसं झाड बघतायत. ज्यानं त्यानं आपलं आपलं दुखणं त्या झाडावर ठेवलं होतं आणि ते त्यांच्या शब्दावर ठेवलं होतं. राग आला तो असा की त्यांनी दातओठ खाल्ले. पण राग कुणाचा करावा?

त्यांनी दारात उभ्या असलेल्या आवडीबाईंकडे पाहिलं. ही तरी आपल्या बाजूनं बोलेल.

“मामंजींचं गाऱ्हाणं हाय ते,” आवडीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुमी ते खोटं पाडनार काय?”

उतेकरांनी कुऱ्हाड घेतली.

बागेत सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. सावरीवर साळुंक्यांचा कालवा चालला होता. कुणी तरी बुंध्याचे काटे कोयत्यानं तासून ठेवले होते, जिथं ते तासले तिथं साल ओलसर दिसत होती. उतेकरांनी झाडाला हात लावला. मनात म्हणाले, बाय गो, मला हे नको होतं. ते मोठ्यानं म्हणायची हिंमत झाली नाही, कारण मोठ्यानं म्हटलेलं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी घाव घातला. लाकूड मऊ, पातं खोल गेलं. वरून दोन-चार फुलं पडली, पाखरं एकदम उडाली आणि माणसं ओरडली, “व्हय म्हाराजा!” पुढचे घाव पोरांनी घातले. उतेकर फुलांच्या सड्यात उभे राहिले. कुणीही एक फूल तुडवलं नाही. बायांनी वेचून ओटीत घेतली. एवढ्या जपून त्या बागेत कुणी कधी वागलं नव्हतं.

झाड खांद्यावरून आळीत आलं आणि दुपारी होळीच्या जागी उभं राहिलं. मुंबईहून आलेली पोरं म्हणाली, अशी होळी आळीत कधी झाली नाही. प्रवीणनं मुलीला आणून उतेकरांच्या पाया पडायला लावलं. ती अशक्त होती पण हसत होती. उतेकरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यापुरतं त्यांना खरंच वाटलं, जाऊ दे, पोर बरी झाली. पुढच्याच क्षणी त्यांची नजर आळीच्या टोकाला, बागेच्या बाजूला गेली. तिथे नुसतं आभाळ होतं.

घरी आवडीबाईंनी पुरणपोळीचं ताट मांडलं. उतेकर पाटावर बसले आणि नुसते ताटाकडे बघत राहिले.

“रागावलात?” आवडीबाईंनी विचारलं.

“नाय.”

“मग जेवा की.”

“जन्मभर बोंबलून सांगितलं, कुनी ऐकलं नाय,” उतेकर म्हणाले. त्यांची भाषा पार कापड्याची झाली होती. “आनी एक दिवस ऐकलं गो. सगळ्यांनी ऐकलं. मीच मागितली तिला, माज्या तोंडानं.”

आवडीबाईंनी पोळीवर तूप घातलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिल्या.